एल्कसाठी ब्रॉडहेड: फिक्स्ड घेऊ की मेकॅनिकल? आधी आपला बाण मोजा, मग दुकानात जा

ऑगस्ट लागला की मला दोनच प्रकारचे फोन येतात, एक गणपतीच्या वर्गणीचे आणि दुसरे "अरे ब्रॉडहेड कुठलं घेऊ?" असे. ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं डोकं, आणि ते दोन प्रकारचं: फिक्स्ड, म्हणजे पाती कायम बाहेर, आणि मेकॅनिकल, म्हणजे लागल्यावर उघडणारं. कोलोरॅडोत एल्कचा, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या हरणाचा, आर्चरी सीझन (धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम) सप्टेंबरभर चालतो आणि बाप्पाही बहुतेक वेळा त्याच सुमारास येतात, त्यामुळे आमच्या घरी दरवर्षी एक ठरलेलं भांडण होतं, पण ते जाऊ दे. फोन आला की मी उलट तीन प्रश्न विचारतो. बाणाचं वजन किती? स्पीड किती? ४० यार्डावर ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) एकाच जागी पडतात का? पलीकडून शांतता. म्हणजे आधी पाकीट आवडलं आणि मग विचार सुरू झाला, असा उलटा कारभार. तो सुलटा कसा करायचा ते लिहितोय, माझं मत काय आहे तेही सांगतो, लपवत नाही.

आधीच सांगून ठेवतो, हे सगळं इथलं, अमेरिकेतलं, लायसन्स काढून डोंगर चढणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा गावाकडच्या भावाला हा लेख फॉरवर्ड करून उगाच त्याच्या डोक्यात किडा सोडू नका. आणि इथेही १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला हंटर एज्युकेशनचं कार्ड असल्याशिवाय कोलोरॅडो सहसा लायसन्स देत नाही, म्हणजे आपल्यातल्या जवळपास सगळ्यांनाच तो कोर्स करावा लागतो. चांगला असतो, करा.

पहिलं काम: समोर कोण आहे ते समजून घ्या

यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ व्हाइटटेल हरणाचे असतात आणि लोक तेच बघून एल्कचं ठरवतात. व्हाइटटेल म्हणजे साधारण माणसाच्या वजनाचं जनावर. एल्कची मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास आणि मोठा नर सव्वातीनशेच्या घरात जातो. कातडी जाड, बरगड्या रुंद, आणि खवाटा म्हणजे खांद्याचं चपटं हाड, त्याला मधे एक उभा कंगोरा असतो, तिथे बाण बसला तर भलीभली डोकी वाकतात. अजून एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ, नर चिखलाच्या डबक्यात लोळतात, मग तो चिखल केसांत सुकून पापडासारखा कडक होतो. तुमच्या पात्याला मांसाच्या आधी तो वाळलेला चिखल कापायचा असतो. धार तिथेच अर्धी गेली तर पुढे काय राहणार?

आपल्याला हवंय काय, तर दोन्ही फुप्फुसांतून आरपार बाण. आत एक भोक आणि पलीकडे एक भोक. आरपार गेला की रक्त दोन्हीकडून पडतं, माग काढता येतो, जनावर शंभर-दीडशे यार्डांत पडतं आणि त्याचे हाल होत नाहीत. ब्रॉडहेडचा सगळा वाद शेवटी एवढ्यावरच येतो, की भोक मोठं हवं की बाण पलीकडे जायची खात्री हवी, आणि तुमच्या बाणात या दोन्हींसाठी ताकद आहे का.

दुसरं काम: आपल्या बाणाचा हिशोब

आर्चरीच्या दुकानात क्रोनोग्राफ असतो, त्यातून तीन बाण मारून स्पीड काढून घ्या. शिकारीला नेणार तोच बाण, तेवढंच वजन. मग बाण ग्रेनच्या काट्यावर तोला, ब्रॉडहेडसकट. शंभर ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, म्हणून किचनमधल्या काट्यावर भागत नाही. मग कॅल्क्युलेटर घ्या: वजन गुणिले स्पीड गुणिले स्पीड, भागिले ४५०२४०. येतं ती कायनेटिक एनर्जी, फूट-पाउंडमध्ये.

माझं उदाहरण घ्या. ६८ पाउंडाचा बो (दोरी ओढायला लागणारा जोर), २९ इंच ड्रॉ (दोरी मागे ओढायची लांबी), बाण ४७० ग्रेन, स्पीड २६५ फूट सेकंदाला. उत्तर ७३ च्या वर. आता बायकोचं घ्या: ४८ पाउंड, २६ इंच ड्रॉ, ४०० ग्रेनचा बाण, २१५ फूट. उत्तर ४१. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या जुन्या तक्त्यात एल्कसारख्या जनावरांसाठी ४२ ते ६५ सांगितलेलं असतं, म्हणजे ती अगदी उंबरठ्यावर आहे. हा तक्ता काही वेदवाक्य नाही, पण अंदाजाला बरा.

आणि मोमेंटमही काढा, म्हणजे वजन गुणिले स्पीड, भागिले २२५४००. माझा ०.५५ येतो, तिचा ०.३८. एनर्जी आणि मोमेंटममध्ये फरक काय ते एका उदाहरणात बघा: ४२५ ग्रेनचा बाण २५० ने सोडला तर एनर्जी ५९, आणि ५०० ग्रेनचा २३२ ने सोडला तरी जवळपास तेवढीच, ६० च्या आत. पण मोमेंटम पहिल्याचा ०.४७ आणि दुसऱ्याचा ०.५१. जड बाण घुसताना लवकर थांबत नाही, रिकामा टेम्पो आणि उसाने भरलेला ट्रॅक्टर यांच्या ब्रेकमध्ये जो फरक तोच. काही लोक हे फार टोकाला नेतात, बाण किती घुसतो याच्या डॉ. एड अ‍ॅशबी यांच्या अभ्यासातला ६५० ग्रेनचा आकडा घेऊन इतका जड बाण बनवतात की तो ४० यार्डाला रेल्वेच्या पुलासारखी कमान काढून जातो. हाड फोडायला ते खरं असेल, पण अंतराचा अंदाज पाच यार्ड चुकला की बाण जनावराच्या पोटाखालून. मला ४५० ते ५०० मधलं बरं वाटतं.

हा हिशोब झाला की निम्मा निर्णय झाला. ५०-५५ पाउंडांच्या आतला बो असेल, ड्रॉ छोटा असेल, तर पुढचं वाचायची सुद्धा गरज नाही, फिक्स्ड घ्या, तेही टोकापासूनच धार असलेलं दोन पात्यांचं. बायकोच्या भात्यात तेच असतं. मेकॅनिकल उघडायला जी ताकद खर्च होते ती तिच्या बाणाकडे शिल्लकच नाही.

मग ही दोन डोकी नेमकी करतात काय

फिक्स्ड म्हणजे पाती कायमची बाहेर, मोडायला-सरकायला काही नाही, विळीसारखं. यात एकाच तुकड्यातून काढलेली येतात, जशी जी-फाइव्हची मॉन्टेक, तिला घासून परत धार लावता येते. पाती बदलायची येतात, जशी स्लिक ट्रिक किंवा मझी ट्रोकार. आणि दोन मुख्य पाती नि आडवी दोन छोटी अशी येतात, जशी आयर्न विल, ही कंपनी इथलीच, कोलोरॅडोची, किंमत बघून मात्र हात आखडतो. बदलायच्या पात्यांची जाडी साधारण ०.०३ इंचाच्या आसपास असते, जाडजूड दोन पात्यांच्या डोक्यांत ०.०५ च्या वर जाते. हाताला फरक लगेच कळतो.

मेकॅनिकल म्हणजे पाती उडताना मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी. यातही दोन जाती. एकात पात्यांची टोकं पुढे मिटलेली असतात, कातडीला अडकली की ती बाहेर फिरून मागे पडतात. दुसऱ्यात पाती मागे सरकत सरकत बाहेर येतात, रेज किंवा सेव्हर ही त्या जातीची. एल्कसाठी पहिल्या जातीच्या वाटेला मी जात नाही, कारण उघडताना तीच ताकद जास्त खाते आणि तिरका बाण लागला तर एक पातं आधी अडकतं. दुसरी जात बरीच सुधारलेली आहे. सेव्हरमध्ये तर प्रॅक्टिसला पाती लॉक करायचा स्क्रू असतो, तेच डोकं टार्गेटवर मारता येतं, ही सोय मला फार आवडते.

आता पाकिटावरच्या आकड्याची गंमत. मेकॅनिकलवर मोठ्ठं लिहिलेलं असतं "२ इंच कट", आणि फिक्स्डवर सव्वा इंच. माणूस म्हणतो, अरे बापरे, जवळजवळ दुप्पट! तसं नाही ते. दोन पात्यांचं २ इंची म्हणजे एक सरळ चीर, एकूण धार २ इंच. तीन पात्यांचं सव्वा इंची म्हणजे प्रत्येक पातं मध्यापासून ०.६२५ इंच, गुणिले तीन, जवळपास १.८८ इंच. चार पात्यांचं, मुख्य १.०६ आणि आडवं ०.७५ घेतलं तर १.८ च्या वर. म्हणजे एकूण कापलेली लांबी जवळपास सारखीच. शिवाय सरळ चीर कधी कधी मिटून बसते, तीन-चार दिशांची जखम तशी मिटत नाही. रुंदीचा फायदा आहेच, निशाणा इंचभर चुकला तर रुंद पातं एखादी मोठी शीर गाठू शकतं, ते मी नाकारत नाही. पण "दुप्पट" हा शब्द डोक्यातून काढा.

कायदा वाचा, दर वर्षी वाचा

कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी ब्रॉडहेड कमीत कमी ७/८ इंच रुंद आणि निदान दोन स्टीलच्या धारेची पाती लागतात, बो कमीत कमी ३५ पाउंडाचा. हे सोपं आहे, बहुतेक सगळी डोकी यात बसतात. घोळ होतो दुसऱ्या राज्यांत. आयडाहो आणि ऑरेगनमध्ये कित्येक वर्षं मेकॅनिकलवर सरसकट बंदी होती, आणि हे नियम अधूनमधून बदलत राहतात. म्हणून टॅग (जनावर मारायचा परवाना) काढला की त्या राज्याचं त्या वर्षीचं पुस्तक उघडायचं, मित्राने सांगितलेलं चालत नाही. मागे वळलेल्या काट्याची, गळासारखी अडकणारी पाती पण बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत.

ट्यूनिंग, इथे सगळ्यांची गाडी अडते

"मेकॅनिकल फील्ड पॉइंटसारखं उडतं, म्हणून तेच घेतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. खरंय, मिटलेल्या पात्यांना हवा कमी लागते. पण यातला दुसरा अर्थ बघा ना: माझा बो ट्यून नाहीये, बाण वाकडा निघतो, आणि मला असं डोकं हवंय की जे ते झाकून ठेवील. बाण वाकडा निघाला तर लागतानाही वाकडाच लागतो, निम्मी ताकद शेपूट हलवण्यात जाते, आणि मेकॅनिकलला तर सरळ ताकदीची जास्त गरज. म्हणजे ज्याने झाकलं त्यालाच ते जास्त नडतं. म्हणून माझं म्हणणं असं, शेवटी मेकॅनिकल वापरायचं ठरवलं तरी ट्यूनिंग फिक्स्ड लावूनच करा.

कसं करायचं ते सांगतो. आधी प्रत्येक बाणाला ब्रॉडहेड लावून तळहातावर उभा धरून फिरवा, डोक्याचं टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे, गोल काढत असेल तर तो बाण बाजूला. बहुतेक वेळा शाफ्टचं, म्हणजे बाणाच्या दांड्याचं, तोंड सरळ कापलेलं नसतं, ते घासून सपाट केलं की सुधारतं, नाहीतर डोकं दुसऱ्या बाणावर लावून बघा. मग पेपर ट्यून, म्हणजे कागदातून बाण मारून फाटलेलं भोक बघायचं, गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा, एवढं झालं की पुढे जा, तिथे दोन दिवस घालवू नका.

खरी परीक्षा यार्डावर. २० यार्डावर दोन फील्ड पॉइंट आणि दोन ब्रॉडहेड मारा, मग ३०, मग ४०. वेगवेगळ्या ठिपक्यांवर मारा हां, नाहीतर स्वतःच्याच बाणाची पिसं कापाल, मी कापलीयेत. समजा ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे पडले. आता ब्रॉडहेडकडून फील्ड पॉइंटकडे बोट दाखवा, उजवीकडे, आणि रेस्ट (बोवर बाण टेकतो तो आधार) त्याच बाजूला सरकवा. ब्रॉडहेड खाली पडले तर बोट वर, रेस्ट वर. सरकवायचं किती, तर १/३२ इंच, नखाच्या कडेएवढं. मग परत मारा. दोन्ही गट एकत्र आले की साइट (नेम धरायची खूण) हलवायची, त्याआधी साइटला हात लावायचा नाही. लोक नेमकं उलट करतात, ब्रॉडहेड डावीकडे गेला की साइट फिरवून मोकळे होतात. रेस्ट हलवून हलवून तरी एकत्र येत नसतील तर बाणाचा स्पाइन (दांड्याचा ताठपणा) कमजोर असेल किंवा तुम्ही ग्रिप पिळताय, आणि दुसरं कारण आपण कोणीच मान्य करत नाही.

वारा हा फिक्स्डचा खरा दोष, तो मान्य. उघड्या कड्यावर आडवा वारा असेल तर ५०-६० यार्डावर फिक्स्ड बाजूला ढकललं जातं, मेकॅनिकल त्या मानाने कमी. म्हणून वायोमिंगच्या मोकळ्या माळावर लांबून मारणारे मेकॅनिकलचे भक्त असतात आणि आमच्यासारखे स्प्रूसच्या अंधाऱ्या जंगलात पंचवीस-तीस यार्डावर बसणारे फिक्स्डचे. माझी स्वतःची हद्द ४० यार्ड, त्यापुढे मी बाण सोडत नाही.

मला फिक्स्डकडे ढकलणारी दोन प्रकरणं

पहिलं माझंच. दुसऱ्या वर्षी भात्यात मेकॅनिकल होती, पाती मिटून ठेवायला प्लॅस्टिकची कॉलर असलेली, कंपनीचं नाव नको. पहाटे चार वाजता निघालो, सव्वादोन हजार फूट चढाई, झुडपांत घुसणं, पडलेल्या झाडांवरून उड्या. आठच्या सुमारास एक नर माजातली लांब आरोळी (ब्यूगल) देत आला, ३८ यार्डावर झाडाआड थांबला. बाण काढून दोरीला लावला आणि बघतो तर एक पातं अर्धं उघडं, कॉलर मागे सरकलेली. भात्याच्या फोममध्ये डोकं खुपसताना झालं असणार. बोटाने मिटवलं, ते परत उघडलं. दुसरा बाण काढायला हात हलवला आणि त्याने मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. नाकपुड्यांतून वाफ येत होती, ती मला दिसत होती. मग तो गेला. दोष माझा पण आहे, चढाई झाल्यावर भाता तपासायला हवा होता.

दुसरं एका मित्राचं. जनावर थोडं तिरकं, आपल्याकडे तोंड करून उभं, मेकॅनिकलचं एक पातं आधी लागलं, बाण बरगडीवरून घसरला आणि कातडीखालून लांबच लांब गेला. दोन दिवस शोधलं. सापडलं नाही. फिक्स्ड असतं तर सापडलं असतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण मुळात तो कोनच मारायचा नव्हता. आडवं उभं असेल किंवा पलीकडे तोंड करून थोडं तिरकं असेल तरच, नाहीतर बो खाली. पण माणूस सात दिवस उपाशीतापाशी फिरल्यावर कोनाच्या बाबतीत स्वतःला फसवतो, आणि डोकं निवडताना मी तोच थकलेला माणूस धरून निवडतो.

धार आणि भाता

पाकिटातून काढलेलं पातं धारदार असतंच असं नाही. हातावरचे केस अलगद निघाले पाहिजेत, किंवा ताणलेल्या रबर बँडला नुसतं टेकवल्यावर तो तुटला पाहिजे. प्रॅक्टिसला वापरलेलं पातं शिकारीला न्यायचं नाही, बदला किंवा घासा. मेकॅनिकल असेल तर कॉलर किंवा रबर दर सीझनला नवी, आणि भाता त्या डोक्यांना चालेल असा आहे ना ते बघा. डोकं आवळायचं काम पान्यानेच करा, चिमटीत धरून नको. गेल्या वर्षी एका भावजींनी अंगठ्याला चार टाके घेतले, गणपतीच्या आदल्या दिवशी, आणि मग आरतीला टाळ वाजवायला माणूस कमी.

बाण सुटल्यावर

बाण सापडला तर आधी तो बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा. गडद लाल, मटणाच्या दुकानात कलेजीवर असतं तसं, म्हणजे लिव्हर, चार ते सहा तास. हिरवट, वास येणारं म्हणजे पोट, आठ ते बारा तास, कितीही जिवावर आलं तरी. लवकर पाठलाग केला तर ते उठून दुसऱ्या डोंगरावर जातं.

माझी पहिली मादी फिक्स्डने पडली, ९,८०० फुटांवर, अ‍ॅस्पेनच्या बनात, ३१ यार्ड. बाण आरपार जाऊन मागच्या खोडाशी पडला होता, पिसं भिजलेली. पिवळ्या पडलेल्या पानांवर साबणाच्या फेसासारखे गुलाबी बुडबुडे. ऐंशी पावलांवर ती पडलेली. मग चार खेपा करून मांस खाली आणलं, कारण खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं इथे गुन्हा आहे, आणि त्या रात्री आईने पाठवलेल्या कोल्हापुरी मसाल्यात खिमा.

मग घेऊ काय?

६५ पाउंडाच्या वर बो, बाण ४५० ग्रेनच्या वर, एनर्जी ६५ च्या वर, फिक्स्डने ४० यार्डापर्यंत ट्यून झालेला, आणि शिकार मोकळ्या वाऱ्याच्या मुलखात, असं सगळं असेल तर मागे सरकून उघडणारं मेकॅनिकल खुशाल घ्या, पण दीड इंचाच्या आसपासचं, २ इंची नको. यातलं एक जरी कमी असेल तर फिक्स्ड, तीन पात्यांचं सव्वा इंचाच्या आतलं (बो ५०-५५ पाउंडांच्या आतला असेल तर वर सांगितलेलं दोन पात्यांचं). पहिलाच सीझन असेल तर विचारूच नका, फिक्स्ड. तीनच्या पाकिटाला ४० ते ६० डॉलर पडतील, दोन पाकिटं घ्या, एक प्रॅक्टिसला जातंच.

माझ्या भात्यात यंदा पाच बाण आहेत. चार फिक्स्ड. पाचव्याला स्प्रिंगवालं बोथट डोकं, वाटेत ग्राउस पक्षी दिसला तर, त्याचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. त्याचा नॉक (शेपटाकडची, दोरीत अडकणारी खाच) केशरी रंगाचा ठेवलाय, अंधारात घाईघाईत तोच हातात येऊ नये म्हणून.